चित्राखालची पट्टी कापू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरच्या जुन्या तसबिरी खाली उतरतात. त्यांत देवदेवता असतात, नऊवारीतल्या सुंदर बायका असतात, दुधाच्या डब्याला बिलगलेली गुटगुटीत बाळे असतात. यांतल्या पुष्कळ तसबिरी मुळात जाहिराती आहेत. साबणवाला, ग्राइप वॉटरची कंपनी, कापड दुकानदार, मार्केट यार्डातला अडत्या अशा कुणीतरी त्या कॅलेंडर म्हणून वाटल्या. वर्ष सरले, तारखांचा गठ्ठा फाडला गेला आणि चित्र काचेत जाऊन बसले. हल्ली या चित्रांना पुन्हा मागणी आली आहे. नव्या घरांच्या दिवाणखान्यांत, खानावळींच्या भिंतींवर ती नव्याने मढवली जातात. मढवताना फ्रेमवाला बहुतेक वेळा पहिला कटर चालवतो तो खालच्या दुकानाच्या नावाच्या पट्टीवर. 'चित्र ठेवा, जाहिरात काढा' असे गिऱ्हाईकच सांगते. ती पट्टी कापू नये, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. कारण समजायला चित्राच्या बरेच जवळ जावे लागेल, म्हणून पत्र लांबले आहे.

आपल्याकडे 'कॅलेंडरछाप' हा शब्द चित्राला हिणवण्यासाठी वापरतात. त्यामागे समज असा, की खरी कला कुठल्यातरी मूळ तैलचित्रात होती, छापील प्रत ही तिची स्वस्त नक्कल आणि जाहिरात हा त्या नकलेवरचा डाग. हा समज भिंगाखाली टिकत नाही. जवाहिरे वापरतात ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि चित्रातल्या चेहऱ्याच्या फक्त गालावर ठेवा.

शिळाप्रेसवर छापलेल्या रंगीत चित्राचा गाल असा दिसतो. सर्वांत खाली फिकट पिवळसर रंगाचा सपाट थर. त्यावर गुलाबी ठिपके, गालाच्या उंचवट्यावर दाट, कानाकडे विरळ. त्यांच्यामध्ये थोडे गडद तांबडे ठिपके. जबड्याच्या कडेला, हनुवटीखाली, निळसर करड्या ठिपक्यांची सावली. शेवटी तपकिरी रंगाने पापणी, नाकपुडी आणि ओठांची मधली रेघ. एकही ठिपका दुसऱ्यासारखा नाही. काही गोल, काही स्वल्पविरामासारखे, काही नुसते ओरखडे. यांतला प्रत्येक ठिपका कुणीतरी हाताने दिलेला आहे. चेहऱ्याची गोलाई कुठे वळवायची आणि कुठे थांबायचे, हे ठिपक्यागणिक त्याने ठरवलेले आहे. त्या माणसाचे नाव चित्रावर नसते.

त्याच्या कामाची रीत पाहिली तर अधिकच नवल वाटते. जर्मनीतल्या बव्हेरियात सोल्नहोफेनला मिळणारा चुनखडीचा गुळगुळीत दगड, चांगला सात-आठ सेंटिमीटर जाड. त्यावर तेलकट काळ्या खडूने किंवा शाईने उलटे चित्र काढायचे. मग अरबी डिंकाच्या पाण्यात नायट्रिक ॲसिडचे थोडे थेंब मिसळून तो लेप दगडावर द्यायचा. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पुढे शाई धरते, बाकीचा दगड पाणी धरून ठेवतो आणि शाईला झिडकारतो. एका रंगाला एक दगड. साध्या चित्राला पाच-सहा, चांगल्या चित्राला दहा-पंधरा दगड लागत. आणि गुलाबीचा दगड असो, पिवळ्याचा असो की निळ्याचा, कारागीर प्रत्येकावर काळ्यानेच काम करतो. समोरच्या रंगीत चित्राकडे बघून त्यातला फक्त गुलाबी मनातल्या मनात वेगळा काढायचा, खालचा पिवळा त्यात किती उतरेल याचा अंदाज घ्यायचा आणि तेवढेच ठिपके काळ्यात, उलटे मांडायचे. सगळे दगड एकावर एक छापून होईपर्यंत चेहरा दिसतच नाही. याला नक्कल म्हणणे म्हणजे गायकाने चीज दुसऱ्याची गायली म्हणून तिला नक्कल म्हणण्यासारखे आहे.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे छापले. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. तेथून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, मोहिनी घरोघर गेल्या हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच प्रतिमा थोड्याच वर्षांत आगपेट्यांच्या छापांवर आल्या, आणि त्यांतल्या कित्येक आगपेट्या स्वीडन आणि जपानमधून येत. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर देवांची आणि स्त्रियांची रंगीत तिकिटे चिकटवलेली असत. म्हणजे पूजेची प्रतिमा आणि मालाची प्रतिमा एकच होती. दादासाहेब फाळकेही सिनेमाकडे वळण्याआधी याच छपाईच्या धंद्यात होते. १९७२ साली मळवलीच्या छापखान्याला आग लागली. त्यानंतर शिल्लक राहिले ते मुख्यतः घराघरांतले कागद. म्हणूनच माळ्यावरची तसबीर काढून टाकताना दहा वेळा विचार करायला हवा.

या छपाईत चूक कुठे होई तेही पाहण्यासारखे आहे, कारण चुकीतून कामाचा क्रम कळतो. ओठांचा लाल रंग रेघेच्या बाहेर सांडलेला दिसला, साडीच्या काठाला एका बाजूने पांढरी फट आणि दुसऱ्या बाजूने गडद कड दिसली, की समजावे 'रजिस्टर', म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, हलले आहे. बहुतेकदा दोष कागदाचा असतो. दमट हवेत कागद फुगतो, तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. हातभर लांबीच्या कागदाला मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक सहज पडतो. एक रंग छापून वाळायला ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुढचा. मधल्या रात्री पाऊस झाला की कालचा चेहरा आणि आजचे ओठ जुळत नाहीत. दगडावरच्या खुणांशी कागद जुळवायला कडेला सुईने भोके पाडत. न कापलेल्या समासात ती भोके किंवा रंगांच्या लहान पट्ट्या सापडल्या तर त्या नक्की जपा. कुठले रंग, कुठल्या क्रमाने, किती दगड, याचा तो सर्वांत पक्का पुरावा असतो.

वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचे चेहरे वेगळ्या वाटेने आले. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. हिंदुस्थानी नटीचा चेहरा त्या साबणाला प्रथमच मिळाला. अशा जाहिरातीला आपण फोटो म्हणतो, पण कागदावर फोटो नसतो. मूळ ब्रोमाइड प्रिंटवर, म्हणजे कागदावर काढलेल्या कृष्णधवल फोटोवर, आधी रिटचिंग करणारा बसे. पांढऱ्या रंगाने दातांची कड, काळ्याने भुवई आणि पापण्या, स्प्रेने गाल आणि मान. मग जाळीतून त्याचा हाफटोन ब्लॉक, म्हणजे फोटो लहानमोठ्या ठिपक्यांत फोडून केलेला जस्ताचा ठसा, होई. वर्तमानपत्राचा कागद खरखरीत, म्हणून जाळी जाड ठेवावी लागे, इंचाला साठेक ओळींची. हिशेब करून पाहा. तीन मिलिमीटरच्या बुबुळात या जाळीचे आडवे जेमतेम सात ठिपके बसतात. डोळ्यातली चमक म्हणजे त्यांतला एखादा ठिपका नसणे! पुष्कळ वेळा तो आपोआप गेलेला नसतो. ब्लॉक करणाऱ्याने जस्तावर कोरणीने तो मुद्दाम उडवलेला असतो. भिंगातून पाहिले की त्या जागी ठिपक्याच्या गोल कडेऐवजी कोरणीची टोकदार कड दिसते. पुढे मशीनवाला ब्लॉकखाली कागदाचे कपटे लावून केसांचा भाग किंचित उचलून घेई, गालाचा दाबून ठेवी. याला मेकरेडी म्हणत. हे नीट झाले नाही तर केस करडे आणि गाल डागाळलेले छापत. नटीचा जो चेहरा वाचकाला भावला तो नटी, छायाचित्रकार, रिटचिंगवाला, ब्लॉकवाला आणि मशीनवाला अशा पाच जणांनी मिळून घडवलेला होता.

ऑफसेट, म्हणजे पातळ धातूच्या पत्र्यावरून रबरावर आणि रबरावरून कागदावर होणारी छपाई, आल्यावर ठिपके पुन्हा बदलले. चांगल्या कागदावर इंचाला दीडशे ओळी, चार रंगांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत, काळी ४५ अंशांवर, किरमिजी ७५, निळी १५ आणि पिवळी ९०. भिंगाखाली त्यांची लहान लहान फुले दिसतात. इथे हाताचा ठिपका संपला, पण हात संपला नाही. तो मागे, मूळ चित्रात गेला. गोव्याचे रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) आणि दीनानाथ दलाल (१९१६–१९७१), गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित (१९१६–१९९३) या मंडळींना छपाईत काय उतरते आणि काय बुडते याची पक्की जाण होती. मुळगावकरांचे स्प्रेचे काम पाहा. कातडीवर ब्रशचा फटकारा नाही, रंग वाफेसारखा उतरत गेलेला. आणि अगदी त्याला लागून दागिन्याची किंवा नाकाची धारदार कड, कागदाचा साचा ठेवून राखलेली. ही मऊ आणि कठीण कडांची जोडी चार रंगांत फार चांगली छापते. तैलरंगाचे जाड थर तशा छपाईत चिखल होतात. या चेहऱ्यांना 'गोडगोड' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एकदा त्या कडा पाहाव्यात, अशी कळकळीची विनंती आहे. अर्थात जे जे जुने ते सगळे थोर, असा आमचा दावा नाही. एकाच चेहऱ्याला मुकुट घालून देवी आणि पदर देऊन गृहिणी करण्याचे प्रकार भरपूर झाले, आणि ती चित्रे कंटाळवाणीच आहेत.

आता पट्टीकडे येऊ.

कॅलेंडरचे चित्र आणि त्याखालची जाहिरात बहुधा एका जागी छापलेली नसतात. चित्रे छापणारा, पुढच्या काळात बहुतेकदा तमिळनाडूतल्या शिवकाशीचा, खालची जागा कोरी ठेवून हजारोंनी माल काढी. त्याचा माणूस नमुन्यांचा आल्बम घेऊन गावोगाव फिरे. व्यापारी त्यातून चित्र पसंत करी, आणि मग कोऱ्या जागेवर त्याचे नाव छापले जाई, पुष्कळदा गावातल्याच ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छोट्या छपाईयंत्रावर, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून. त्यामुळे एकच लक्ष्मी सोलापुरात सूतवाल्याची असते आणि अकोल्यात सरकीवाल्याची. पट्टी मागून चाचपा. खिळ्यांचा दाब बोटाला लागतो, वरच्या चित्राचा लागत नाही. बॅटरीचा उजेड कागदाला जवळजवळ समांतर टाकला तर तो डोळ्यांनाही दिसतो. कधी अक्षर वाकडे बसलेले असते, कधी 'ळ' संपल्यामुळे दुसऱ्या मापाचा घातलेला असतो. चित्र ज्या क्षणी एका गावाचे, एका पेठेचे झाले तो क्षण या पट्टीत आहे.

दुसरे कारण रचनेचे. चित्रकाराला खालची जागा जाणार हे आधीपासून ठाऊक असे. म्हणून तो आकृती वर उचलून घेई, पायाशी पाणी, गालिचा, ढग असे काही शांत ठेवी. कॅलेंडर टांगले जाई ते माणसाच्या डोक्याच्या वर, आणि पुढे फ्रेम झाली की दोरीने किंचित पुढे झुकलेले. त्या टांगणीत समोर पाहणारे डोळे बरोबर खाली उभ्या असलेल्या माणसावर येतात. पट्टी कापून तेच चित्र डोळ्यांच्या पातळीला सोफ्यामागे लावले की पाय फ्रेमला टेकतात, डोक्यावर नको इतकी मोकळी जागा राहते आणि नजर पाहणाऱ्याच्या पलीकडे जाते. मग लोक म्हणतात, चित्रकाराला रचना जमली नव्हती.

तिसरे कारण अगदी व्यवहाराचे. तारखांचा गठ्ठा गेल्यावर साल सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पट्टी. पत्त्यात पिनकोड असेल तर चित्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. किंमत आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचे. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४. शेर आणि मण असतील तर दशमान मापे रुळण्यापूर्वीचे, म्हणजे ढोबळमानाने साठ सालाच्या आधीचे. 'महाराष्ट्र राज्य' असेल तर मे १९६० नंतरचे. 'जि. कुलाबा' असेल तर १९८१ च्या आधीचे, कारण त्या वर्षी त्याचे रायगड झाले. टेलिफोन नंबर दोन आकडी की पाच आकडी, यावरून गावाचा आवाका कळतो. फक्त एक सावधगिरी बाळगावी. पट्टीचे साल हे वाटपाचे साल असते. चित्र त्याच्या पाच-दहा वर्षे आधी काढलेले असू शकते, कारण खपणारे चित्र पुन्हा पुन्हा छापत.

जिथे माल चित्राच्या आतच आहे तिथे आणखी एक जागा बघावी. साबणाची वडी किंवा तेलाची बाटली धरलेला हात. चेहऱ्यावर उजेड डावीकडून येतो आणि बाटलीवर थेट समोरून. बाटली हातात असूनही बोटांची सावली तिच्यावर पडत नाही. लेबलवरचे प्रत्येक अक्षर वाचता येते, हात मात्र तिरका आहे. कारण उघड आहे. मालकाला लेबल सरळ हवे असते, म्हणून बाटली वेगळी, फूटपट्टी लावून काढलेली असते आणि पुष्कळदा दुसऱ्याच हाताने. रविवर्म्याच्या धर्तीचा छायाप्रकाश आणि दुकानाच्या पाटीचा सपाटपणा अशा दोन पद्धती त्या चार बोटांत एकमेकींना भेटतात. कुठे त्या भांडतात, कुठे चित्रकार काचेवर एक पांढरी रेघ देऊन बाटलीला चेहऱ्याच्या उजेडात ओढून घेतो. अशी रेघ सापडली की त्या अनाम माणसाला दाद द्यावीशी वाटते.

छपाईनंतर घरातल्या हातांनीही या चित्रांवर काम केले. ओलिओग्राफवरच्या, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील तसबिरीवरच्या, साडीला खरे कापड शिवणे, टिकल्या आणि जर लावणे ही चांगली रुजलेली रीत होती. काचेवर गंध आणि कुंकू लागले, समईची काजळी बसली. डागडुजी करताना हे सगळे काढून चित्र 'नवे' करू नये. टिकली तांब्याच्या पत्र्याची असेल तर तिच्याभोवती कागद हिरवा पडतो. तेवढ्यासाठी टिकली उचकटू नका, तिथे कागद आधीच कुजलेला असतो आणि टिकलीबरोबर तुकडा निघतो. टाका सुटला असेल तर जुन्याच भोकातून बारीक सुती धागा घाला, नवे भोक पाडू नका.

आता निगेविषयी. जुनी फ्रेम उघडताना काच खाली, मऊ सुती कापडावर ठेवा. मागचे खिळे सांडशीने सरळ वर ओढा, पेचकसाने उचकटले तर फळी चित्रावर दाबते. फळी बहुधा खोक्याच्या लाकडाची असते. चित्राच्या पाठीवर तपकिरी पट्टे आणि मध्ये एखादा गोल डाग दिसेल. तो फळ्यांचे सांधे आणि लाकडाची गाठ यांचा ठसा. लाकडातून निघणाऱ्या आम्लाने कागद तिथे भाजतो. ती फळी पुन्हा वापरू नये, त्याऐवजी आम्लरहित पुठ्ठा घालावा. चित्र काचेला चिकटलेले असेल तर तिथेच थांबा. पावसाळ्यातल्या दमटपणाने वॉर्निश मऊ होऊन काचेला धरते, आणि ओढले तर आधी चेहराच काचेवर राहतो, कारण तिथे शाईचे थर सर्वांत जास्त. काचेसकट ठेवा आणि कागद-संवर्धन जाणणाऱ्याकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे कला-संवर्धन केंद्र आहे.

वॉर्निश पिवळे पडते, म्हणून जुन्या तसबिरीतला कृष्ण हिरवा दिसतो. तो मुळात निळाच आहे. ओले फडके, स्पिरिट, कापलेला बटाटा असले घरगुती उपाय करू नका. वॉर्निश पुसताना त्याखालची शाई निघून येते. मूळ रंग बघायचा असेल तर फ्रेमच्या खाचेत दडलेली तीन-चार मिलिमीटरची कड पाहा, तिथे उजेड पोहोचलेला नसतो. ऑफसेटच्या चित्रात उलटे होते. उन्हाने पिवळा आणि किरमिजी आधी उडतात, निळा सर्वांत शेवटी, म्हणून दुकानातले जुने कॅलेंडर निळेफिक्कट दिसते. उडालेला रंग परत येत नाही. आहे तेवढा राखायचा तर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवा, म्हणजे खिडकीसमोरची भिंत नाही आणि चित्रावर रोखलेला दिवा नाही.

पुन्हा मढवताना काच आणि चित्र यांच्यात तीन-चार मिलिमीटरचे अंतर राहील असा कापलेल्या खिडकीचा पुठ्ठा घालायला सांगा. चित्र पुठ्ठ्याला पूर्ण डकवू नये. वरच्या कडेला जपानी कागदाच्या (हा पातळ पण चिवट असतो) दोन बिजागऱ्या पुरतात. खळ गव्हाच्या सत्त्वाची हवी. कुरडयांसाठी चीक काढतात तसेच, पण चांगले धुऊन वाळवलेले सत्त्व एक भाग आणि पाणी पाच भाग, मंद आचेवर सतत ढवळत पंचवीस-तीस मिनिटे, काचेसारखी दिसेपर्यंत, मग थंड करून गाळून घ्यायची. मैद्याची खळ नको, तिला कसर लागते. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, तीही नको. मोरचुदातले तांबे कागद आतून पोखरते आणि काही वर्षांनी तिथे हिरवट तपकिरी कडा उमटतात. सेलोटेप तर कुठेही नको. कॅलेंडरच्या वरची पत्र्याची पट्टी गंजली असेल तर ती पक्कडीने उलगडून सोडवा, कापू नका, आणि वेगळ्या पाकिटात ठेवा. भिंत पावसाची असेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना सेंटिमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा, मागून हवा खेळली पाहिजे.

छायाचित्र घेताना वॉर्निश असलेले चित्र स्कॅनरवर दाबू नका, त्याला तडे जातात. कॅमेरा समोर, दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, शेजारी मोजपट्टी. पुढची बाजू पट्टीसकट, मागची बाजू, आणि गाल व डोळा यांची जवळून एक-एक प्रत. ऑफसेटचे सपाट चित्र स्कॅन करायचेच तर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, करा. ३०० ला जाळीचे ठिपके आणि स्कॅनरच्या ओळी एकमेकींत अडकून लाटा उमटतात. आणि ठिपके 'साफ' करणारी सोय बंद ठेवा, ती नेमका कारागिराचा हात पुसून टाकते.

शेवटी एक विनंती थेट आपल्या व्यवसायाला. जाहिरातींतले जे चेहरे अर्धशतकभर वर्तमानपत्रांत छापले गेले, त्यांचे जस्ताचे ब्लॉक अनेक जुन्या छापखान्यांच्या गोदामांत लाकडी ठोकळ्यांवर अजून पडून आहेत आणि किलोवर मोडीत जात आहेत. जुने अंक सूक्ष्मफितीवर (मायक्रोफिल्मवर) घेऊन कागद रद्दीत काढले जातात, तेव्हाही हेच चेहरे जातात. सूक्ष्मफीत अक्षरे राखते, हाफटोनचा मात्र काळा-पांढरा डाग करते. मोडीवाल्याला बोलावण्यापूर्वी प्रत्येक ब्लॉकचा एक ठसा घ्यायला दहा मिनिटे लागतात. ब्लॉकवर पांढरी भुकटी आली असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका, जस्त खाल्ले जाते आणि ठिपके आधी जातात. घट्ट काळी शाई काचेवर पातळ पसरवून रबरी रोलरने दोनदा फिरवा. शाई जास्त झाली तर डोळ्यातली ती कोरलेली चमक भरून जाईल. वर गुळगुळीत पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा, एका कोपऱ्याने उचला आणि कागद दोन दिवस सपाट वाळू द्या. ठशाच्या मागे मऊ पेन्सिलीने गोदामाचे गाव, तारीख आणि ब्लॉकच्या लाकडावर लिहिलेला मजकूर जसाच्या तसा उतरवा. मग ब्लॉक रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा.

आपले,
जुन्या छापील चित्रांची देखभाल करणारे काही वाचक,
पुणे